एन्कॉस्टिक मेणात स्क्रीनप्रिंट बसवताना : तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

स्क्रीनप्रिंटिंग (ताणलेल्या जाळीतून शाई ढकलून छापणे) उत्तम येणारे आणि एन्कॉस्टिक (वितळलेल्या मेणाने चित्र रंगवणे) उत्तम येणारे असे दोन्ही प्रकारचे लोक ही तंत्रे एकत्र करू पाहतात, तेव्हा त्यांची चूक बहुतेक एकाच ठिकाणी होते. छपाई करणारा शाईचा भरगच्च थर देतो, कारण टी-शर्टवर किंवा पत्रिकेवर तोच चांगला दिसतो. मेणाचे काम करणारा त्या थरावर गरम मेण फिरवतो आणि चित्र पूर्ण झाले असे समजतो. काही महिन्यांनी वरचे मेण पापुद्र्यासारखे सुटू लागते. एन्कॉस्टिकमध्ये प्रत्येक थर उष्णतेने खालच्या थराशी एकजीव करावा लागतो आणि मध्ये शाईचा अखंड पडदा आला की वरचे व खालचे मेण एकमेकांना भेटतच नाही. म्हणून पुढील सर्व सूचनांमागे एकच अट आहे : छाप इतका पातळ आणि इतका विरळ हवा की मेण त्यातून आरपार गेले पाहिजे.

फोंडा तालुक्यातील माझ्या कार्यशाळेत शिकायला येणाऱ्यांच्या हातून ज्या चुका पुन:पुन्हा होतात, त्या डोळ्यांपुढे ठेवून हे टप्पे लिहिले आहेत. गोव्याच्या हवेमुळे काही गोष्टी इथे वेगळ्या कराव्या लागतात. त्या त्या जागी तसे सांगितले आहे.

१. कामाचे दोन भाग करा आणि हंगाम पाहा

छपाई हे पाण्याचे काम आहे आणि एन्कॉस्टिक हे उष्णतेचे. ही दोन्ही कामे एकाच दिवशी, एकाच टेबलावर करू नयेत. स्क्रीन (चौकटीवर ताणलेली छपाईची जाळी) धुण्याचे पाणी तापलेल्या मेणाच्या भांड्यात उडाले, तर मेण तडतडून अंगावर येते. उलट मेणाचा एखादा थेंब स्क्रीनच्या जाळीत गेला, तर त्या जागी इमल्शनही (चित्राबाहेरची जाळी बंद करणारा, उजेडाने कठीण होणारा लेप) धरत नाही आणि शाईही उतरत नाही.

जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे हवा इतकी दमट असते की इमल्शन लावलेली स्क्रीन रात्रभर ठेवूनही आतून ओलसर राहते. माझा सल्ला असा की छपाई नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उरकावी, पुढे मेणात बसवायचे छापलेले पातळ कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावेत आणि मेणाचे काम पुढे सवडीने करावे. पावसाळ्यात मेणाचे काम करता येते, मात्र ज्यावर चित्र करायचे ती फळी पूर्ण कोरडी हवी आणि वीज मध्येच गेल्यास अर्धवट राहिलेला थर नंतर फळी पुन्हा कोमट करूनच पुढे न्यावा.

२. साहित्य घेताना

मेण मधमाशांचेच हवे. दुकानात मिळणाऱ्या साध्या मेणबत्त्या बहुधा पॅराफिनच्या (खनिज तेलापासून काढलेल्या मेणाच्या) असतात. जुने गोवे येथे ३ डिसेंबरच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला) मिळणाऱ्या मेणबत्त्या वितळवून काम करावे असे अनेकांना सुचते, परंतु पॅराफिनचा थर ठिसूळ होतो आणि वाकला की तडकतो. पिवळे, कच्चे मेण छापावर आले तर पांढऱ्या जागा मधाच्या रंगाच्या दिसतात. तसा परिणाम हवा असेल तर प्रश्नच नाही. नको असेल तर शुद्ध केलेले पांढरे मेण घ्यावे.

मेण कठीण व्हावे म्हणून त्यात डॅमर राळ मिसळतात. ही राळ मागताना नीट सांगावे, कारण ‘डामर’ म्हटल्यावर दुकानदाराच्या मनात रस्त्याचे डांबर किंवा कपाटातल्या डांबराच्या गोळ्या येतात आणि या दोन्ही वस्तू मेणात घालणे घातक आहे. आपल्याला हवे असतात ते फिकट पिवळे, पारदर्शक खडे.

प्रमाण वजनाने ८ भाग मेण आणि १ भाग राळ, म्हणजे ८०० ग्रॅम मेणाला १०० ग्रॅम राळ. मेण आधी वितळवावे, मग राळेचे खडे कुटून त्यात टाकावेत आणि तापमान ११० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून, घाई न करता, सर्व खडे विरघळेपर्यंत अधूनमधून ढवळावे. राळेत सालीचे तुकडे आणि किडे असतात, म्हणून मिश्रण मलमलीतून गाळून सिलिकॉनच्या साच्यांत ओतावे. या मिश्रणाला पुढे ‘माध्यम’ म्हटले आहे.

बाकीचे साहित्य असे :

- थर्मोस्टॅट असलेली विजेची हॉटप्लेट आणि तापमान मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर
- हीटगन (गरम हवेचा झोत देणारे यंत्र), तीही वाऱ्याचा जोर कमी-जास्त करता येणारी
- डुकराच्या केसांचे ब्रश (नायलॉनचे केस गरम मेणात वळून जातात)
- १२ मिलिमीटर जाडीची, लॅमिनेट वा पॉलिश नसलेली प्लायवूडची फळी
- १० ते २० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) वजनाचा लांब तंतूंचा कागद : जपानी कोझो किंवा नेपाळी लोकता कागदातील सर्वांत पातळ प्रत

*तपासणी :* कागद विकत घेण्याआधी एका कोपऱ्यावर वितळलेल्या मेणाचा थेंब टाकून पाहावा. थेंब पसरून कागद जवळजवळ अदृश्य झाला तर तो चालेल. थेंब वर गोळा होऊन राहिला, तर कागदाला खळ दिलेली आहे आणि त्यातून मेण जाणार नाही.

३. उष्णतेची शिस्त

मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. ब्रशने लावण्यासाठी माध्यम ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान असावे. ब्रशने लावताना त्याहून अधिक तापवण्याचे काही कारण नाही. मेणातून धूर दिसू लागला, तर तापमान केव्हाच मर्यादेबाहेर गेलेले असते आणि तो धूर फुप्फुसांना अपायकारक असतो.

खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा लावून हॉटप्लेट त्याच्या जवळ ठेवावी. छताचा पंखा मात्र बंदच हवा. मे महिन्यात हे फार जड जाते, हे मी जाणतो. पण छताच्या पंख्याने ब्रशवरचे मेण फळीपर्यंत पोहोचण्याआधी घट्ट होते आणि वाफा खिडकीकडे न जाता चेहऱ्याकडे येतात. सकाळी सहा ते दहा ही वेळ धरली, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

*इशारा :* मेणाने पेट घेतला तर पाणी कधीही टाकू नये. भांड्यावर घट्ट बसणारे झाकण हाताशी ठेवावे. झाकण घालून वीज बंद करावी. जवळ अग्निशामक नळकांडे असावे. त्वचेवर गरम मेण पडल्यास ते ओरबाडू नये. तो भाग २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. या कामाला घेतलेली भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत.

४. प्रतिमा आणि स्क्रीन

चित्र निवडतानाच निम्मे यश ठरते. जाड भरीव आकार टाळावेत. रेघा, पोत, हाफटोनचे (छटा लहानमोठ्या ठिपक्यांत मोडून दाखवणारे) ठिपके यांतून मेण सहज जाते. काळ्या भागाचे प्रमाण एकूण क्षेत्राच्या निम्म्याच्या आत ठेवावे, असा नियम मी स्वतःसाठी केला आहे. एखादा भाग काळाकुट्ट हवाच असेल तर तो शाईने न भरता नंतर रंगीत मेणाने रंगवावा.

हाफटोन इंचाला ४५ ओळींचा घेतला, तर जाळीचे धागे इंचाला त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे २२५ हवेत. आपल्याकडे जी जाळी ‘९० टी’ म्हणून मिळते, तिच्यात सेंटिमीटरला ९० म्हणजे इंचाला सुमारे २३० धागे असतात. ती इथे योग्य ठरते. कापडावरील छपाईसाठी सर्रास वापरतात ती ४३ टी जाळी शाई फार सोडते. ती जवळ असेल तर टाकून देऊ नका; आठव्या टप्प्यात तीच लागणार आहे.

जाळी आधी डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) धुवावी, पूर्ण वाळवावी आणि दोन्ही बाजूंनी इमल्शनचा पातळ थर द्यावा. इमल्शन डायझोचे किंवा फोटोपॉलिमरचे घ्यावे. बायक्रोमेट मिसळून वापरायचे स्वस्त इमल्शन अजूनही मिळते. त्यातील क्रोमियमचे संयुग कर्करोगकारक आहे आणि घरच्या न्हाणीघरातून ते विहिरीच्या पाण्यापर्यंत जाऊ शकते. ते घेऊ नये.

स्क्रीन अंधारात, आडवी ठेवून वाळवावी. दमट दिवसांत बंद कपाटात डीह्युमिडिफायर लावावा. इमल्शन वरून कोरडे लागते म्हणून लगेच एक्स्पोजर देणे (चित्राची फिल्म लावून उजेड दाखवणे) ही इथली सर्वांत नेहमीची चूक आहे : आतला ओलावा राहिला की इमल्शन पुरते कठीण होत नाही आणि धुताना चित्रासह सगळेच वाहून जाते. मग लोक एक्स्पोजरची वेळ दुप्पट करतात आणि बारीक ठिपके बुजून बसतात. दोष वेळेचा नसतो, ओलाव्याचा असतो.

*तपासणी :* नव्या इमल्शनसाठी आधी एका छोट्या स्क्रीनवर पुठ्ठा सरकवत चार-पाच वेगवेगळ्या वेळांच्या पट्ट्या घ्याव्यात आणि ज्या पट्टीत सर्वांत बारीक ठिपका स्वच्छ उघडतो व कडा घट्ट राहते, ती वेळ वहीत लिहून ठेवावी.

५. पातळ कागदावर छपाई

पाण्यात मिसळणारी अ‍ॅक्रिलिक शाई कागदावर चालते, कारण न छापलेल्या जागांतून मेण कागदात शिरते. मात्र तीत पारदर्शक बेस मिसळून ती हलकी करावी. प्लॅस्टिसोल (कापडावरच्या छपाईची, उष्णतेने पक्की होणारी प्लॅस्टिकयुक्त शाई) वापरू नये. ते पक्के व्हायला सुमारे १६० अंश लागतात आणि तेवढ्या उष्णतेत मेणाचे चित्र शिल्लकच राहणार नाही.

पातळ कागद जाळीला चिकटून वर उचलला जातो. त्यासाठी तो जाडसर कागदाच्या पाठिंब्यावर चारही कोपऱ्यांना कागदी टेपने बसवावा, स्क्रीन कागदापासून २-३ मिलिमीटर वर राहील अशी टेकणे लावावीत आणि स्क्वीजी (शाई ओढण्याची रबरी पट्टी) एकदाच, एकाच दाबाने ओढावी. दुसऱ्यांदा ओढण्याचा मोह आवरावा; दुसऱ्या ओढीने थर जाड होतो, आणि नेमके तेच आपल्याला नको आहे. कागदावर छाप थोडा फिका वाटला तर चिंता करू नये. मेण शिरल्यावर कागद पारदर्शक होतो आणि शाई गडद दिसू लागते.

हिवाळ्यात छाप एक पूर्ण दिवस वाळू द्यावा, पावसाळ्यात दोन ते तीन दिवस. वापरण्याआधी केस वाळवण्याच्या ड्रायरने कागदातला उरलासुरला ओलावाही काढावा. ओला कागद मेणाखाली गेला की पाण्याची वाफ होऊन फोड येतात किंवा पांढरट ढग कायमचा राहतो.

६. फळी आणि पायाचे थर

फळीची मागची बाजू आणि कडा ओलाव्यापासून वाचवण्यासाठी अ‍ॅक्रिलिक रंगाने बंद कराव्यात, पण पुढच्या बाजूला अ‍ॅक्रिलिकचा थेंबही नको. नेहमीचा कॅनव्हासचा अ‍ॅक्रिलिक गेसो (रंगकामाआधी देण्याचा पांढरा लेप) इथे बाधक ठरतो, कारण तो प्लॅस्टिकचा पडदा तयार करतो आणि मेणाला शिरायला जागा देत नाही. पांढरी पार्श्वभूमी हवी असेल तर एन्कॉस्टिकसाठी बनवलेला शोषक गेसो घ्यावा किंवा पायाच्या मेणातच टायटॅनियम पांढरा मिसळावा.

१. हीटगनने फळी हाताला गरम लागेल इतकी तापवावी. थंड फळीवर मेण वरच्यावर गोठते.

२. माध्यमाचा पहिला थर एका दिशेने द्यावा आणि लाकूड तो पिऊन घेईपर्यंत उष्णता द्यावी.

३. दुसरा थर आडव्या दिशेने द्यावा. हीटगन सुमारे १५ सेंटिमीटर अंतरावर धरून सतत हलवत ठेवावी. पृष्ठभागावर ओली चकाकी आली की थर जुळला. ती चकाकी वाहू लागण्याआधी पुढे सरकावे.

४. तिसरा थर त्याच रीतीने. मग मेण कोमट असताना सरळ धारेच्या पात्याने पृष्ठभाग खरवडून सपाट करावा.

इथे घाई करणाऱ्यांचे पुढचे सारे श्रम वाया जातात. पृष्ठभागावर खड्डे राहिले, तर कागदाखाली हवा अडकते आणि छपाई कितीही सुबक असली तरी ती जागा पांढरी दिसते.

७. छापील कागद मेणात बसवणे

या टप्प्यावर मी शिकणाऱ्यांना आधी १० × १० सेंटिमीटरच्या पाच फळ्या करायला लावतो, आणि त्यातल्या पहिल्या दोन बिघडणारच असे सांगून ठेवतो. एका सुंदर मोठ्या छापावर पहिला प्रयोग करणे हा कागदाचाही अपमान आहे आणि मेहनतीचाही.

कागदाची कड कात्रीने कापली तर मेणात तिची सरळ रेघ दिसत राहते. ओल्या ब्रशने रेघ ओढून त्या रेघेवर कागद फाडावा. सुटे तंतू मेणात विरघळल्यासारखे मिसळून जातात. फाडल्यावर कागद पुन्हा वाळवायला विसरू नये. अक्षरे असतील तर कागद कोणत्या बाजूने ठेवायचा हे आधी पाहून घ्यावे. छाप खाली तोंड करून ठेवला तर चित्र मऊ दिसते, पण अक्षरे उलटी होतात.

पायाचा थर हीटगनने हलका तापवून पृष्ठभाग किंचित चिकट झाला की कागद मधोमध टेकवावा आणि मधून कडांकडे बोटांनी पसरवावा. त्यावर बेकिंगचा सिलिकॉन कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासावे. कागद खालून मेण ओढू लागला की तो जागोजाग पारदर्शक होताना दिसतो. जिथे तो पांढराच राहतो तिथे हवा आहे.

*तपासणी :* पुढे जाण्याआधी फळी खिडकीच्या तिरप्या उजेडात धरून पाहावी. पांढरा ठिपका दिसला तर त्याला सुईने एक छिद्र पाडावे, सिलिकॉन कागद ठेवून अगदी कमी उष्णतेच्या इस्त्रीने तो भाग दाबावा आणि मेण वर येऊ द्यावे. वर मेणाचा थर गेल्यावर ही दुरुस्ती जवळजवळ अशक्य होते.

मग वरून माध्यमाचा एकच पातळ थर द्यावा, पुन्हा मधून बाहेर. त्याला उष्णता देताना हीटगनचा वारा सर्वांत कमी ठेवावा आणि अंतर वाढवावे, कारण खालचे मेण वितळले की कागद त्यावर तरंगू लागतो आणि जोराच्या वाऱ्याने सुरकुततो किंवा चक्क सरकतो. माझा एक संपूर्ण छाप असाच एका बाजूला गोळा झाला होता. तेव्हापासून पहिल्या थराला मी हीटगनऐवजी सिलिकॉन कागदावरून इस्त्रीच फिरवतो. दुसऱ्या थराला हीटगन चालते.

वरच्या मेणाची जाडी १ मिलिमीटरच्या आत ठेवावी. खोलीचा भास हवा म्हणून लोक थरावर थर देत जातात आणि छाप धुक्यात हरवतो. खोली हवी असेल तर दुसरा छापील कागद वरच्या पातळीवर बसवावा. दोन विरळ छाप एकमेकांआड दिसू लागले की जो परिणाम मिळतो, तो जाड मेणाने कधीच मिळत नाही. मला स्वतःला या तंत्रात सर्वाधिक आनंद इथेच मिळतो.

८. थेट मेणावर कोरड्या रंगद्रव्याचा छाप

कागद नको असेल तर स्क्रीन स्टेन्सिलसारखी वापरता येते. इथे ४३ टी जाळी घ्यावी.

मेण खोलीच्या तापमानाला पूर्ण थंड झालेले हवे. कोमट मेणावर स्क्रीन ठेवली की जाळी चिकटते आणि उचलताना पृष्ठभागही उचलला जातो. खरवडून सपाट केलेल्या मेणावर स्क्रीन थेट टेकवावी, कोळशाची किंवा सॉफ्ट पेस्टलची पूड मऊ ब्रशने गोल फिरवत जाळीतून घासावी आणि स्क्रीन सरळ वर उचलावी. शाई नाही, पाणी नाही, स्क्वीजी नाही.

उष्णता देताना हीटगन आधी ३० सेंटिमीटरहून उंच धरावी. पूड मेणात ओढली गेली की तिचा कोरडा, मखमली रंग एकदम ओलसर आणि गडद होतो. तो बदल दिसल्यावरच जवळ यावे. सुरुवातीलाच जवळ आल्यास वाऱ्याने ठिपके उडून चित्र पुसट होते.

*इशारा :* पूड तोंडाने फुंकू नये. एन-९५ मुखपट्टी लावावी आणि शिसे, कॅडमियम, कोबाल्ट असलेली रंगद्रव्ये कोरड्या स्वरूपात वापरूच नयेत. हीच मुखपट्टी मेणाच्या वाफांपासून संरक्षण देत नाही. त्यासाठी खिडकीतला पंखाच हवा.

जाळीत मेण गेलेच, तर दोन्ही बाजूंना वर्तमानपत्राचा कागद ठेवून हलकी इस्त्री फिरवावी. मेण कागद पितो. पाण्याने किंवा ब्रशने घासून ते निघत नाही.

तेलाची शाई थेट मेणावर छापण्याविषयी बरेच जण विचारतात. अगदी वरच्या थरावर, बारीक रेघांचा छाप असेल तर ते जमते. परंतु स्क्रीनप्रिंटिंगच्या अनेक शायांमध्ये ज्वालाग्राही द्रावक असतात, म्हणून तो छाप पूर्ण वाळल्याखेरीज त्याच्या जवळ हीटगन सुरू करू नये, आणि त्यावर पुन्हा मेणाचे थर चढवू नयेत. पाण्याची शाई थेट मेणावर छापू नये. ती धरत नाही.

९. दुसऱ्या दिवशीची तपासणी आणि चित्र ठेवण्याची जागा

चित्र रात्रभर थंड होऊ द्यावे. सकाळी कडेच्या एका कमी महत्त्वाच्या कोपऱ्यात पात्याचे टोक हलकेच घालून पाहावे. मेण भुग्यासारखे निघाले तर थर एकजीव झाले आहेत. खवल्यासारखा पापुद्रा सुटला, तर छापाच्या जागी जोड झालेला नाही : तिथे सुईने विरळ छिद्रे पाडून, पूर्ण फळी आधी कोमट करून, मग सावकाश उष्णता द्यावी. सगळ्या छापाखालीच पापुद्रा सुटत असेल, तर वरचा थर खरवडून काढावा आणि तो छाप अधिक विरळ करून नव्याने घ्यावा. अशा वेळी वरून आणखी मेण देऊन दोष झाकण्याचा प्रयत्न करू नये.

पृष्ठभागावर काही आठवड्यांनी पांढुरकी साय दिसली तर ती बुरशी समजून पाण्याने पुसू नये. ती मेणाचीच असते आणि मऊ सुती कापडाने घासल्यावर जाते, चकाकीही येते.

चित्र उन्हात, पत्र्याच्या छपराखाली किंवा मे महिन्यात बंद मोटारीत ठेवू नये. चिऱ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, म्हणून फळीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून भिंत आणि फळी यांत बोटभर अंतर सोडावे. कुरियरने पाठवताना बबल रॅप थेट मेणावर गुंडाळल्यास त्याचे गोल ठसे कायमचे उमटतात. आधी सिलिकॉन कागद, त्यावर पुठ्ठा, आणि मगच बबल रॅप.